देशमुखांच्या गढीचं शेतघर कसं झालं: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठवाड्यात बालाघाटच्या डोंगररांगेखाली एक मध्यम गाव आहे आणि गावाच्या मधोमध उंचवट्यावर चार बुरुजांची गढी. गावाचं आणि घराण्याचं नाव इथं देत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय, ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशीलही बदललेत. कागदपत्रं आणि मोजमापाच्या कामात मी त्यांच्यासोबत होतो. लिहायचं कारण एवढंच की आपल्याकडे कितीतरी घरांपुढे आज हाच प्रश्न आहे, गढी आहे, पडत चाललीय, करायचं काय, आणि याबद्दल बोलणं होतं ते एकतर तलवारी-घोड्यांचं नाहीतर नुसत्या हळहळीचं. प्रत्यक्ष घरात काय ठरतं, कोण काय म्हणतं, कुठं अडतं, ते फारसं कोणी लिहीत नाही.

गढी म्हणजे काय ते आधी. जोतं घडीव काळ्या दगडाचं, दीड पुरुष उंच, त्याच्यावर पांढऱ्या मातीची भिंत, खाली सात-आठ फूट जाड आणि वर निमुळती होत गेलेली. पूर्वेला दरवाजा, त्यात दिंडी म्हणजे माणसापुरतं छोटं दार, आतून अडसर सरकवायला भिंतीत भोक, मग देवडी, मग सदर, दोन चौक, एक आड, जमिनीखाली धान्याची दोन पेवं, भिंतीतली बळदं म्हणजे साठवणीच्या पोकळ्या. डोंगरी किल्ल्यासारखं काही नाही, तोफेपुढे ही टिकली नसती, पण दोनशे घोडेस्वारांची टोळी आली तर गावाची गुरं, बायकापोरं आणि वसुलीचा पैसा दोन-चार दिवस आत सुखरूप राहावा एवढ्यासाठी ती बांधलेली.

आणि त्या काळी टोळ्या येतच होत्या. मुलुख निजामाचा, पण १७१९ च्या सनदांनंतर दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी मराठ्यांची, म्हणजे एकाच गावावर दोन दौलतींचा हक्क. १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली ती याच मुलखात, आणि पुढे १८१७-१८ पर्यंत पेंढाऱ्यांचा धुमाकूळ. अशा काळात परगण्याच्या देशमुखाला, म्हणजे वसुली बघणाऱ्या वतनदाराला, गढी ही शोभेची वस्तू नव्हती, ते त्याचं ऑफिस, तिजोरी आणि कोठार तिन्ही होतं.

गढी शेताकडे कशी वळली

लोकांना वाटतं गढीचं शेतघर झालं ते आत्ता, आमच्या डोळ्यासमोर. खरं तर ते दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झालेलं. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत बांधणी केली, वसुली सरकारी अधिकाऱ्यांकडे गेली आणि देशमुखांना कामाऐवजी रुसूम, म्हणजे ठरावीक रोख रक्कम मिळायला लागली. काम गेलं, मान राहिला. मग या घराण्याने स्वतःची जमीन कसायला घेतली आणि सदरेवर जिथं हिशेब व्हायचे तिथं ज्वारीची पोती लागली, घोड्यांच्या पागेत बैल आले, आणि खालच्या बुरुजाच्या खोलीत कडबा. आजही तो बुरूज बघितला तर एक जंगी, बंदुकीसाठी ठेवलेलं तिरकं भोक, बरोबर दरवाजाच्या दिशेने खाली उतरतं, आणि त्यातूनच आता आडावरच्या मोटरची काळी केबल बाहेर येते. कोणीतरी वायरमनने सोयीची जागा म्हणून निवडली असणार, पण त्या एका भोकात गढीचा सगळा प्रवास दिसतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पुढचं झपाट्याने झालं. सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. यांच्याकडे जहागीर नव्हती पण रुसूम थांबली, १९५० च्या कूळ कायद्याने बरीच जमीन कसणाऱ्यांकडे गेली, उरलीसुरली १९६१ च्या सीलिंगमध्ये, म्हणजे जमिनीच्या कमाल मर्यादेच्या कायद्यात, मोजली गेली. १९७२ च्या दुष्काळात मागच्या चौकाचं सागवान विकलं, तुळया, खांब, तक्तपोशी सगळं, आणि त्या पैशावर घर जगलं. मागचा चौक तेव्हापासून उघडाच आहे.

त्याच काळात गावाने तटाची माती न्यायला सुरुवात केली. पांढरी माती माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, टाकली की पाणी झिरपत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात टोपल्या भरून लोक न्यायचे, काहींनी शेतातही टाकली. घरच्यांना याचा राग, अजूनही आहे. पण याबद्दल पुढे एक कागद सापडला, त्यावर बोलतोच.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप. किल्लारी इथून लांब आहे, पण हादरा बसला, गढीच्या वरच्या मजल्याची एक भिंत आत आली. जीव कुणाचा गेला नाही. मात्र किल्लारीच्या भागात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद यांनी किती माणसं गाडली हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं, त्यामुळे अख्ख्या मराठवाड्यात लोकांनी भराभर माळवदं उतरवून पत्रे टाकले. या घरानेही टाकले. त्या वेळी तो निर्णय बरोबरच होता, रात्री छताखाली झोपायची भीती वाटत असेल तर दुसरं काय करणार. पण माळवदाच्या उताराला दगडी पन्हळी होत्या, त्या पाणी भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब फेकायच्या. पत्रे टाकताना पन्हळी निघाल्या, पत्र्याच्या कडेला पन्हळ लावली नाही, आणि सगळं पाणी सरळ भिंतीच्या पायथ्याशी पडायला लागलं. शिवाय भिंतींची डोकी उघडी राहिली. पुढची वीस-बावीस वर्षं दर पावसाळ्यात हेच चालू होतं.

अडचण काय होती

थोरले आबा, म्हणजे घरातले जुने कर्ते, गेले आणि त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात नैर्ऋत्येचा बुरूज रात्रीत खाली आला. खाली कुणाचं घर नव्हतं म्हणून निभावलं. ग्रामपंचायतीची नोटीस आली, धोकादायक बांधकाम उतरवून घ्या म्हणून. बुरूज पडला त्या ढिगाऱ्यात काही शिवराया, म्हणजे जुनी तांब्याची नाणी, निघाल्या आणि ही बातमी चार गावं फिरली, की लगेच रात्री गुप्तधनवाले यायला लागले. सकाळी बघावं तर सदरेच्या मागे खड्डा, हळदकुंकू, लिंबं. एकदा तर देवडीचा उंबरा उचकटलेला.

आणि वारस. तीन भाऊ, दोन बहिणी, त्यांची मुलं. एक भाऊ गावात शेती करणारे (त्यांना इथं काका म्हणतो), बाकीचे पुण्याला आणि संभाजीनगरला. गढीची कागदं बघायला गेलो तर गावठाणातल्या जागेला सातबारा नसतोच, होता तो फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८, तो कर आकारणीचा, मालकीचा पुरावा म्हणून तो पुरत नाही. मागचं आवार मात्र गट नंबरात, त्याला सातबारा, आणि त्यावर आबांच्याही वडिलांचं नाव अजून तसंच. म्हणजे गढी एक, कागद दोन तऱ्हेचे, आणि वारसनोंद दोन पिढ्यांची बाकी. हे आधी सोडवल्याशिवाय एक दगड हलवता येणार नव्हता, पण प्रत्येकजण चर्चा करत होता ती गढीचं काय करायचं याचीच.

कोणते पर्याय पुढे होते

पहिला, सोपा, पाडून टाकायची. माती वीटभट्टीवाला न्यायला तयार, दरवाजा आणि उरलेले खांब जुन्या लाकडाचा व्यापारी न्यायला तयार, मोकळ्या जागेत तिघांचे तीन प्लॉट. पुण्याच्या भावाचा याकडे कल होता आणि मी त्यांना दोष देत नाही, दरवर्षी दुरुस्तीला पैसे पाठवणारे तेच होते, आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या माणसाला गढी दिसते ती पडझड म्हणूनच.

दुसरा, राज्य संरक्षित स्मारक करायचा प्रयत्न. १९६० चा राज्याचा कायदा आहे, त्यात आधी अधिसूचना निघते, हरकती मागवतात, मग अंतिम घोषणा. पुतणीने यासाठी बरीच धडपड केली. पण चौकशीत कळत गेलं की राज्यात महत्त्वाच्या वास्तूंचीच रांग मोठी आहे, आणि एकदा संरक्षित झाली की आत गोठा, कडबा, पत्रे, यातलं काहीच परवानगीशिवाय हलवता येणार नाही. काका राहतात कुठं मग.

तिसरा, कृषी पर्यटन. राज्याचं धोरण २०२० मध्ये आलं, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी तेच. खोल्या काढायच्या, हुरडा पार्टी, चुलीवरचं जेवण. पैसा दिसत होता, पण त्याला बाथरूम हवेत, पाइपलाइन हवी, आणि मातीच्या भिंतीत पाण्याचा पाइप गळायला लागला की बाहेर कळतं तेव्हा भिंत आतून गेलेली असते. शिवाय हे चालवायचं कोणी? काकांचं वय साठीच्या पुढे.

चौथा, सिमेंटने पक्की करायची. धाकट्या पुतण्याने एका भिंतीला आधीच सिमेंटचा गिलावा करून दाखवला होता, दिसायला छान. दोन वर्षांत तोच गिलावा पापुद्र्यासारखा सुटून आला आणि मागची माती हाताने निघत होती. कारण साधं आहे, मातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि पृष्ठभागातून सोडून देते, सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आतच कोंडते, क्षार फुगतात, भिंत पोखरते.

पाचवा, ज्याला कोणी पर्याय म्हणतच नव्हतं: आहे तशी शेतघर म्हणून वापरायची, जेवढी लागते तेवढीच नीट करायची, आणि जे पडलंय ते परत उभं करायचा हट्ट सोडायचा. हे काकांच्या सुनेने मांडलं. तिचं म्हणणं असं होतं, की सोयाबीन आणि तूर ठेवायला गोडाऊन बांधायचंच आहे, त्याचे पैसे धरलेलेच आहेत, मग ते पैसे सदरेवर का नको लावायला, एवढं कोरडं आणि गार कोठार आपल्याला नवीन बांधून मिळणार आहे का?

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली कळीची जागा ही होती. तोपर्यंत गढीचा खर्च म्हणजे इतिहासासाठीचा खर्च, म्हणून तो कुणावर तरी उपकार वाटायचा. आता तो शेतीचा खर्च झाला. त्यावर भांडण करणं सगळ्यांनाच अवघड गेलं.

कागद वाचले तेव्हा

हे चालू असताना बळदात एक पेटी निघाली, मोडी कागद, काही फारसी, वाळवीने निम्मे खाल्लेले. मोडी वाचणाऱ्या एका जाणकाराकडे नेले. घराण्यात गढीचं जे साल पिढ्यान् पिढ्या सांगत होते ते ९ वर्षांनी चुकलेलं निघालं, कारण कुणीतरी कधीतरी शुहूर सन फसली समजून वाचला होता, दोन्ही त्या काळच्या वेगवेगळ्या कालगणना. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन, शुहूरमध्ये ५९९. म्हणजे कागदावर ११५० असेल तर एका हिशेबाने १७४०, दुसऱ्याने १७४९. दोन्ही वर्षं मृगाच्या आसपासच बदलतात त्यामुळे घोळ आणखी वाढतो. घरात यावरून थोडी निराशा झाली, गढी नऊ वर्षांनी तरुण निघाली म्हणून, पण खरी गोष्ट त्याच गठ्ठ्यात पुढे होती.

ती एक यादी होती. कोणत्या वाडीने किती बैलगाड्या माती आणायच्या, कुणी किती माणसं वेठीला द्यायची. म्हणजे तट उभा राहिला तो गावाच्या फुकट कष्टावर. काकांनी ती यादी दोनदा वाचून घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. लोकांनी आमची माती चोरली हे वाक्य त्या घरात मी नंतर ऐकलं नाही. ज्यांच्या आजे-पणज्यांनी ती माती डोक्यावरून वाहिली त्यांच्याच माळवदावर ती परत गेली, यात चोरी कुठली? मला वाटतं गढ्यांचा इतिहास लिहायचा तर अशा याद्या पहिल्या पानावर पाहिजेत, वंशावळ नंतर.

काय केलं

सर्वात आधी वारसनोंदी, त्यात एक पूर्ण वर्ष गेलं. बहिणींकडून हक्कसोड घ्यायची असं भावांनी गृहीत धरलेलं, पण थोरली बहीण, म्हणजे घरातल्या पोरांच्या आत्या, तलाठ्याच्या ऑफिसमधून परत आल्या आणि ओसरीवर बसून सरळ म्हणाल्या, "सही करते की, पण दरवाजा विकायचा नाही असं कागदावर लिहा, तोंडी नको." २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हिस्सा मुलांएवढाच, त्यामुळे त्यांच्या सहीशिवाय पुढे जाणं शक्यच नव्हतं. वकिलांनी ते हक्कसोडपत्रात न घालता नोंदणीकृत वाटणीपत्रात कलम म्हणून घातलं: दरवाजा, सदर आणि आड सामाईक, कुणी एकट्याने विकायचं नाही, राहायचा आणि वापरायचा हक्क गावात शेती करणाऱ्याचा, मागचं आवार तिघांत. व्यापारी त्यानंतर दोनदा येऊन गेला, कागद दाखवला, विषय संपला.

शिवराया नाण्यांचं काय करायचं यावर घरात दोन मतं होती. शेवटी तहसीलला लेखी कळवलं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. याचा एक फायदा असा झाला की पंचनामा झाला, पोलीस येऊन गेले, आणि गढीत जे होतं ते सरकारजमा झालं अशी बातमी पसरली. रात्रीचे खड्डे बंद झाले.

मग पाणी. काम सुरू झालं ते भिंतीवर नाही, पत्र्यावर. कडेला पन्हळी लावल्या, चौकाचा उतार भिंतीपासून उलटा केला, गाळाने बुजलेली जुनी दगडी मोरी शोधून मोकळी केली. हे सगळं एका उन्हाळ्यात झालं आणि खर्च सगळ्यात कमी याच कामाला आला. पुढच्या पावसाळ्यात भिंतींचा पायथा पहिल्यांदा कोरडा दिसला.

मग सिमेंट काढलं. लिंपणाचा गारा, म्हणजे चिखल, करायला गढीच्याच पडलेल्या ढिगाऱ्याची माती, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण, पाणी घालून आठवडाभर कुजवायची, रोज तुडवायची, वास सुटेपर्यंत. गावात एकच म्हातारे गवंडी राहिले होते ज्यांना हे येत होतं. ते मुठीत गोळा घेऊन दाबायचे, सोडायचे, तडा गेला की म्हणायचे अजून नाही. पायथ्याचे तीन फूट मात्र मुरवलेल्या चुन्याचा गिलावा. त्यांच्या हाताखाली दोन पोरं ठेवली, हा निर्णय सुनेचा, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण माती दरवर्षी थोडी थोडी लावावीच लागते आणि हात नसेल तर सगळं पुन्हा सिमेंटवर येतं.

पडलेला बुरूज परत बांधला नाही. यावर घरात सगळ्यात जास्त वाद झाला. तीन बुरुजांची गढी काय दिसणार, वगैरे. पण अर्धवट उभी कड पायरीसारखी मागे घेतली, जोत्याचे दगड रचून घेतले, वर चुना-मातीचं डोकं बसवलं आणि नोटिशीचा प्रश्न तिथंच मिटला. भिंतीत उगवलेला पिंपळ तोडताना मुळं उपटली नाहीत, उपटली तर भिंत सोबत येते, बुंध्यावरून पुन्हा पुन्हा छाटत मारला.

पेवाचं धाकट्या पुतण्याला फार कुतूहल, उतरून बघतो म्हणायचा. गवंड्यांनी झाकण काढून आधी दोरीने पेटता कंदील सोडला, तो पुरुषभर खाली जाईपर्यंत विझला. बंद पेवात कार्बन डायऑक्साइड साठतो, उतरलेला माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो. झाकण परत लावलं, वर फरशी टाकली.

काय झालं

सदरेत आता सोयाबीन आणि तूर असते, मागच्या पागेत दोन म्हशी, वरच्या खोलीत काका-काकू. संडास-बाथरूम भिंतीपासून लांब, आवारात. पर्यटनाचा विषय अजून निघतो, पण तूर्त कोणी घाईत नाही. उत्तरेच्या तटाचा एक तुकडा नंतरच्या एका जोरदार पावसात बसलाच, तिथं काम पोहोचलं नव्हतं. गढी पूर्ण वाचली असं म्हणता येणार नाही. राहती आहे, एवढं नक्की.

वेगळं काय करता आलं असतं

१९९३ ला माळवद उतरवणं टाळता आलं नसतं, पण पन्हळी जाग्यावर ठेवून पत्रे बसवता आले असते. बुरूज त्यामुळेच गेला असं मी ठामपणे म्हणेन.

वारसनोंद आबा असताना, त्यांच्या हाताने झाली असती तर ते वर्ष वाचलं असतं आणि उत्तरेचा तट कदाचित. कागद पंचवीस वर्षं आधी उघडले असते तर वाळवीने खाल्लेला अर्धा गठ्ठाही वाचता आला असता. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी निदान मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो आजच काढून ठेवावा, वाचणारा माणूस नंतर मिळतो. आणि काही पाडायच्या आधी फीत घेऊन मोजमाप करावं, मागचा चौक किती खणांचा होता हे आता घरात दोघं दोन वेगवेगळं सांगतात आणि तपासायला काही उरलेलं नाही.

गावाला आधी विचारायला हवं होतं. वेठीची यादी निघाल्यावर काकांनी ग्रामसभेत ती वाचून दाखवली, त्यानंतर चुना कालवायला, दगड हलवायला माणसं आपण होऊन आली, अर्थात मजुरी देऊनच, तो मुद्दा काकांनी पहिल्या दिवशीच स्पष्ट केला. हे सुरुवातीलाच झालं असतं तर नोटीस यायच्या आधीच बोलणं झालं असतं.

अजून न सुटलेलं एक आहे. दरवर्षीच्या लिंपणाचा खर्च वाटणीपत्रात लिहिलेला नाही. सध्या काका करतात, पुण्याचे भाऊ जमेल तसे पाठवतात. सून म्हणते सदरेचं गोडाऊन म्हणून भाडं धरा आणि ते लिंपणाच्या खात्यात टाका. पुढच्या दिवाळीत सगळे जमतील तेव्हा यावर बसायचं ठरलंय, आणि आत्यांनी आत्ताच कळवलंय की तेही कागदावरच लिहायचं.